होयबा कुठे बसतात?

पुठ्ठ्याची खोकी तयार करणाऱ्या त्या कारखान्याच्या ऑफिसात मापकाकांचं टेबल कोणतं, हे नव्या माणसालाही विचारावं लागायचं नाही. इतरांच्या टेबलांवर कागद पडलेले असायचे. मापकाकांच्या टेबलावर सारखं काहीतरी हलत असायचं.

खिडकीजवळ एक काचेचा पक्षी उभा होता. लांब मान, डोक्याला लाल मऊ कापड, पोटात निळा द्रव आणि पुढ्यात पाण्याचा पेला. पक्षी सावकाश पुढे झुकायचा, चोच पाण्यात बुडवायचा, सरळ व्हायचा, जरा डुलायचा आणि पुन्हा झुकायचा. चावी नाही, बॅटरी नाही, काही नाही. सकाळी एकदा डोकं ओलं करून दिलं की दिवसभर त्याचं आपलं चाललेलं.

त्याच्या शेजारी एका चौकटीला पाच पोलादी गोळ्या टांगलेल्या होत्या. कडेची उचलून सोडली की ती शेजारणीवर आपटायची, मधल्या तिघी जागच्या हलायच्या नाहीत आणि पार पलीकडची उडायची. "अगदी आपलं ऑफिस," अकाउंटवाल्या ताई म्हणायच्या. "साहेब ओरडतात एकावर, मधले सगळे ढिम्म, आणि उडतो तो शेवटचा." मग काचेचा एक फुगा होता, त्यात चार पात्यांची भिरभिरी. ऊन पडलं की ती आपोआप फिरायला लागायची. काका तिला गिरकी म्हणायचे. पाण्याने भरलेली एक उभी नळी होती, तिच्यात रंगीत गोळे तरंगायचे आणि हवा तापली की एकेक करून तळाला जायचे. तिचं नाव गटांगळ्या. ड्रॉवरमध्ये एक भोवरा होता, तो फिरता फिरता उलटा व्हायचा आणि दांड्यावर फिरायला लागायचा. तो काका फक्त मर्जीतल्या माणसांना दाखवायचे. अर्थात काकांच्या मर्जीत सगळेच होते.

काकांचं काम होतं मापं घेण्याचं. फोनवर गिऱ्हाईक सांगायचं, बाटल्या आहेत, दिवे आहेत, बूट आहेत. काका लांबी, रुंदी, उंची लिहून घ्यायचे आणि मशीनवाल्यांना द्यायचे. त्यांचं माप चुकत नसे. कुठलीही वस्तू पाहिली की तिच्याभोवती त्यांना खोकं दिसायचं. म्हणून ते मापकाका.

त्यांना एकच गोष्ट जमायची नाही. 'नाही' म्हणणं. तो शब्द घशातून निघायचा, पण जिभेपाशी पोचेपर्यंत त्याचा 'हो' झालेला असायचा. शिवाय मान आधीच हललेली असायची. कुणाची सुट्टीतली पाळी, कुणाच्या घरचा बंद पंखा, कुणाच्या मुलीचा शाळेचा नकाशा, सगळं वाहत वाहत काकांच्या टेबलाशी यायचं.

पक्ष्याचं नाव होयबा. ते काकांनी ठेवलेलं नव्हतं. फार पूर्वी मशीनवरचे दोघं टेबलाजवळून जाताना एकाने दुसऱ्याला विचारलं होतं, "काय रे, होयबा डोलला का?" काकांनी मान वर करून आनंदाने सांगितलं, "डोलतोय की! सकाळपासून डोलतोय. आत्ताच पाणी बदललं." दोघं पोट धरून हसले. काकाही हसले. त्यांना ते नाव भलतंच आवडलं. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "आपल्या पक्ष्याला लोकांनी काय झकास नाव दिलंय!" बायको पडदे शिवायचं काम करायची. तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं दिलंय." आणि चाक पुन्हा सुरू केलं.

थोरले साहेब थकले आणि घरी बसले, त्यांच्या जागी धाकटे साहेब आले. मुलगा वाईट नव्हता, नुसता घाईत होता. जिना चढताना बोलायला सुरुवात करायचा आणि वर पोचेपर्यंत निर्णय झालेला असायचा. आल्या आल्या त्याने बाहेरच्या हॉलचं रूप पालटायला घेतलं. नवीन खुर्च्या आल्या, नवीन दिवे आले आणि एका भिंतीशी काचेचं एक कपाट आलं. कारखान्यात पुठ्ठ्याची भुकटी सगळीकडे उडते, म्हणून कपाटाच्या दाराला चहूबाजूंनी रबराच्या पट्ट्या होत्या. मुंगी शिरणार नाही असं घट्ट. फक्त त्यात ठेवायचं काय, हे कुणी ठरवलं नव्हतं.

धाकटे साहेब एकदा मापकाकांच्या टेबलापाशी थांबले.

"मापकाका, हे सगळं इथं कोपऱ्यात काय करतंय? हॉलमध्ये काय शोभेल! येणारा माणूस म्हणेल, खोकी करतात पण डोकं आहे यांना. द्याल ना?"

काकांची मान हलली. "हो हो. द्या की... म्हणजे, घ्या की."

तासाभरात टेबल रिकामं झालं. टेबलावर जिथे जिथे काही ठेवलेलं होतं तिथे स्वच्छ गोल राहिले, बाकी धूळ. काकांनी फडक्याने ते पुसले आणि मग उगाचच परत पुसले.

"दिलंत?" घरी बायकोने विचारलं.

"साहेबांनी मागितलं."

"उद्या चष्मा मागितला तर?"

"चष्मा कशाला मागतील?"

"मागितला तर?"

काकांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला.

"द्याल," बायको म्हणाली. "आणि वर विचाराल, डबी पण देऊ का."

काका हसले, पण त्या संध्याकाळी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. पक्षी बायकोने दिलेला होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी दोघं एका प्रदर्शनाला गेले होते, तिथे घेतलेला. काकांना शाळेत विज्ञान सोडून दुसरं काही आवडायचं नाही. पण घरची गरज अशी की शाळा संपताच कामाला लागावं लागलं. त्यामुळे विज्ञान तिथेच राहिलं, आणि मग वर्षानुवर्षं एकेक करून टेबलावर येत गेलं.

पुढच्या आठवड्यात कागदाची रिळं घेऊन एक नवा ड्रायव्हर आला. हातात पावती नाचवत तो ऑफिसच्या दारात उभा राहिला.

"होयबा कुठं बसतात?"

पक्ष्याची कुणीतरी आठवण काढली याचंच काकांना बरं वाटलं. "तो आता इथं नसतो हो. बाहेर हॉलमध्ये ठेवलाय, काचेच्या कपाटात."

"कपाटात?"

"हो, धूळ बसू नये म्हणून."

ड्रायव्हरने मागे वळून हॉलकडे बघितलं, मग काकांकडे. "काका, चेष्टा राहू द्या. माझी गाडी रस्त्यात उभी आहे. गेटवर म्हणाले, आत जा, होयबांची सही घे. ते रिळं बघत बसत नाहीत, लगेच देतात."

"सही? पक्षी कशी सही करणार?"

"कोण पक्षी?"

कॉम्प्युटर बडवणारी बोटं थांबली. अकाउंटवाल्या ताईंना खालच्या ड्रॉवरमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधायचं होतं. त्या टेबलाखाली गेल्या त्या वर येईनात.

काकांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना कळलं.

"आणा," ते म्हणाले, आणि पावती न वाचता सही करून दिली.

चहाच्या वेळी ते ताईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. ताई त्यांच्याहून बऱ्याच लहान, पण ऑफिसात खरं बोलायचं तर त्याच बोलायच्या.

"ताई, किती वर्षं?"

"काय किती वर्षं?"

"ते नाव," काका म्हणाले.

"मी यायच्या आधीपासून," ताई हळू म्हणाल्या. "पण वाईट अर्थानं नाही हो काका."

"त्याला चांगला अर्थ कुठला असतो?"

"अहो, कुणाचंही अडलं की सगळे तुमच्याकडेच येतात ना? माझ्या मुलीचा नकाशा तुम्ही काढून दिलात. दुसऱ्या कुणी दिला असता?"

"तो मी मनापासून काढला की 'नाही' म्हणता आलं नाही म्हणून काढला," काका म्हणाले, "हे आता मलाच कळेनासं झालंय."

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, "नकाशा छान होता पण."

घरी जाऊन काकांनी बायकोला सगळं सांगितलं. पडद्याची किनार दुमडत ती ऐकत होती.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खुशीत होतात! म्हटलं, जाऊ दे, पक्ष्याचं तर पक्ष्याचं."

"म्हणजे एवढी वर्षं मी त्यांना सांगत होतो, डोलतोय, सकाळपासून डोलतोय!" काकांनी कपाळावर हात मारला. बायकोला हसू आवरेना. तिने पडदा तोंडावर धरला, पण खांदे हलत होते.

"हस, तूही हस."

"अहो, तसं नाही." तिने डोळे पुसले. "ऐका, एक सांगू? तुम्ही मला बघायला आलात आणि हो म्हणालात ना, तेव्हापासून माझ्या मनात शंका होती. हा माणूस मनापासून हो म्हणालाय की सवयीनं? विचारायचं तरी कसं? विचारलं तर परत हो म्हणणार."

"मग?"

"मग आपण त्या प्रदर्शनाला गेलो. तुम्ही पक्ष्यापुढं उभे राहिलात. मी म्हटलं, चला. तुम्ही हलला नाहीत. मी म्हटलं, पाय दुखतायत. तरी नाही. मी बाहेर जाऊन परत आले, तरी तुम्ही तिथंच. तेव्हा मला कळलं, या माणसाला खरंच काही हवं असलं की तो जागचा हलत नाही. मग आठवलं, मला बघायला आलात तेव्हाही मंडळी उठली, चपला घातल्या, आणि तुम्ही आपले खुर्चीतच बसलेले. तुमच्या मामांनी दंडाला धरून उठवलं." तिने सुई पडद्यात खोचली. "पक्षी उगाच नव्हता घेतला मी."

काकांना हे ठाऊक नव्हतं. खुर्ची आठवत होती, मामांची दंडावरची पकडही आठवत होती, पण त्याचा असा काही अर्थ निघत असेल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाताना ते हॉलमध्ये थांबले. कपाटातले दिवे झगझगत होते, आणि आत काहीच हलत नव्हतं. पाच गोळ्या गप्प लटकल्या होत्या, कारण त्यांना हात लावायला कुणी आत जाऊ शकत नव्हतं. गिरकीला ऊन नव्हतं. आणि पक्षी सरळ उभा होता. पेला भरलेला, डोकं ओलं, पण मान ताठ. काचेवर आतून बारीक वाफ धरली होती. काकांच्या लगेच लक्षात आलं. पक्ष्याच्या डोक्यावरचं पाणी हवेत उडून जातं तेव्हा ते गार पडतं, आणि त्या गारव्यावरच त्याचं सगळं झुकणं चालतं. इथे दार असं घट्ट की आतली हवा पाण्याने भरून गेली होती. उडायला जागाच नव्हती. कोंडल्यावर होयबाने हो म्हणायचं सोडून दिलं होतं.

काका तिथे बराच वेळ उभे राहिले. घंटा झाली तेव्हा गेले.

दोन-तीन दिवसांनी धाकट्या साहेबांनी त्यांना हॉलमध्ये बोलावलं. उद्या मोठं गिऱ्हाईक येणार होतं, काचेचे दिवे बनवणारं, आणि साहेब कपाटाभोवती येरझारा घालत होते.

"मापकाका, हे काय? सगळं कसं मेल्यासारखं उभं आहे! तुमच्या टेबलावर तर नुसता गोंधळ चालायचा. पक्षी बिघडला का?"

"बिघडला नाही साहेब. आत हवा दमट झालीय. गोदामात ओल आली की आपलं खोकं मऊ पडतं ना, तसंच काहीसं. त्याला मोकळी हवा लागते."

"दार उघडं ठेवलं तर भुकटी बसेल." साहेबांनी क्षणभर विचार केला, त्यांना क्षणच लागायचा. "असं करू. आत छोट्या मोटरी बसवू, बॅटरीवर. पक्ष्याला एक, त्या भिरभिरीला एक, गोळ्यांना एक. सारखं चालत राहील, पाण्याची पण भानगड नको. तुमचा हात चांगला आहे. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल ना?"

काकांची मान खाली जायला निघाली. ती तशी आपली आपणच निघायची. तेवढ्यात समोरच्या काचेत त्यांना स्वतःचं डोकं झुकताना दिसलं, आणि काचेपलीकडे पक्षी ताठ उभा. मान अर्ध्यावर थांबली. वर येईना, खाली जाईना.

"मापकाका? होईल ना?"

"नाही," काका म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की साहेब जवळ आले. "जमणार नाही?"

"जमेल. पण मी करणार नाही."

त्यांनी कपाटाच्या कडेला हात टेकला. "म्हणजे, राग मानू नका साहेब. मोटर लावली तर काय, कुणीही डोलेल. हा मोटरशिवाय डोलतो, तीच तर त्याची गंमत आहे. आणि... आणि ही माझी आहेत. मला परत हवीत."

साहेब बघतच राहिले. "मग दिलीत कशाला?"

"तुम्ही मागितलीत."

"अहो, पण मी विचारलं होतं! द्याल ना, म्हटलं होतं. मला वाटलं तुम्हाला अडगळ झालीय, इतक्या पटकन हो म्हणालात. नाही म्हटलं असतंत तर काय खाल्लं असतं मी तुम्हाला?"

काकांनी या प्रश्नावर खरोखरच विचार केला. "तसं वाटायचं खरं," ते म्हणाले.

साहेबांना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी कपाटाचं दार खेचलं. रबरी पट्ट्या सुटताना फसकन आवाज झाला. "घ्या बाबा तुमचा संसार. पण उद्या गिऱ्हाईक येणार, आणि मी या रिकाम्या कपाटात काय ठेवू? स्वतः बसू?"

"खोकी ठेवू या," काका म्हणाले. "आपण खोकी करतो."

घाईत असलेल्या माणसाला ते अजून सुचलंच नव्हतं.

सगळं परत टेबलावर आलं. ताईंनी पेल्यात पाणी भरून आणलं, कुणीतरी गिरकी उन्हात सरकवली, मशीनवरचा एक जण लाजत लाजत येऊन कडेची गोळी उचलून सोडून गेला. पक्ष्याने लगेच काही केलं नाही. काका त्याच्यासमोर बसून राहिले. गिऱ्हाइकांचे दोन फोन वाजून बंद झाले. मग पक्षी जरासा डुलला, आणखी डुलला, आणि चोच पाण्यात गेली.

"काका," ताई म्हणाल्या, "मी गेटवर सांगून ठेवते. ते नाव बंद करा म्हणून."

"नको."

ताईंनी भुवया उंचावल्या. "एका दिवसात दुसरं 'नाही'? झेपेल ना तुम्हाला?"

तरीही काका एका दिवसात बदलले, असं म्हणणं खोटं होईल. त्याच संध्याकाळी कुणीतरी रविवारी यायला सांगितलं आणि ते हो म्हणाले. परत जाऊन 'नाही जमणार' असं सांगायला त्यांना जिन्यात दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीचा नकाशा आला, तो त्यांनी ठेवून घेतला. तो त्यांना काढायचाच होता. हो म्हणण्याआधी ते आता जरा थांबायचे, जीभ तोंडात फिरवून बघायचे, नक्की काय येतंय ते.

महिन्याभराने तोच ड्रायव्हर रिळं घेऊन आला. या वेळी त्याने दारातून काही विचारलं नाही. टेबलापाशी येऊन पक्ष्याकडे पाहिलं, पावती पुढे केली आणि गोंधळून उभा राहिला.

"हा एक होयबा," काकांनी पक्ष्याकडे बोट दाखवलं. "आणि दुसरा मी. सही माझ्याकडे मिळते."

ड्रायव्हरने सुटकेचा श्वास टाकून पेन काढलं. काकांनी ड्रॉवरमधून मोजपट्टी आणि टॉर्च काढली आणि ते उठले.

"चला, आधी रिळं बघू. ओल लागलीय का बघतो."

"अहो काका, गाडी रस्त्यात उभी आहे!"

"मग आत घ्या."

"मागच्या वेळी असं नव्हतं," ड्रायव्हर कुरकुरला.

"मागच्या वेळी तो कपाटात होता, हो म्हणायला मी एकटाच होतो," काका म्हणाले, आणि जिना उतरायला लागले.